काचेच्या कडेला सापडलेले पुंजके

पॅथॉलॉजिस्ट म्हणजे नक्की कोण, हे पेणमध्ये लोकांना समजावण्यात माझी पहिली दोन वर्षं गेली. एस.टी. स्टँडपासून जवळच दोन खोल्यांची माझी लॅब होती. एक गृहस्थ पाटी वाचून आत आले आणि त्यांनी दुधाची बाटली टेबलावर ठेवली. गवळी पाणी घालतो का, तेवढं बघून द्या म्हणाले. गडब गावच्या एका दुकानदाराला मुतखडा पडला होता. तो खडा त्याने सुपारीच्या डबीतून आणला आणि तपासून झाल्यावर परत मागून नेला, घरी दाखवायला म्हणून. बऱ्याच जणांना मी डॉक्टर वाटायचेच नाही. "रिपोर्ट झाला ना? मग आता डॉक्टरांना दाखवतो," असं माझ्याच तोंडावर सांगून लोक निघून जात. मला त्याचा राग येत नसे. आमचा धंदाच पडद्यामागचा. पेशंटच्या शरीराचा एखादा थेंब किंवा कण आमच्याकडे येतो, आम्ही तो काचेच्या पट्टीवर पसरतो, रंगवतो आणि मायक्रोस्कोपखाली बघतो. जे दिसलं ते लिहितो. जे दिसलं नाही, तेही लिहितो. ही दुसरी गोष्ट जास्त अवघड, हे कळायला तपासणीसाठी माझ्याकडे आलेलं एक मूल गमवावं लागलं.

मंगळवारी आणि शुक्रवारी मी रोह्याला जात असे. तिथे डॉ. गुप्ते नावाचे मुलांचे डॉक्टर होते. त्यांच्या दवाखान्यामागच्या खोलीत माझं टेबल होतं. मायक्रोस्कोपची लाकडी पेटी मांडीवर घेऊन मी एस.टी.ने जायची. नागोठण्याच्या पुढे रस्ता असा होता की पेटी पोटाशी घट्ट धरून बसावं लागे. शेजारची बाई हमखास विचारायची, "हार्मोनियम का?"

नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती. एका शुक्रवारी गुप्त्यांनी चार वर्षांच्या एका मुलीला माझ्याकडे पाठवलं. तिचं नाव मनाली. वडील, सुरेश म्हात्रे, रोह्याच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये कामाला. मनाली महिनाभर लंगडत होती, मधूनमधून ताप येत होता, चेहरा पांढरा पडला होता. गुप्त्यांना रक्ताच्या कॅन्सरची शंका होती. ती फेटाळायची किंवा पक्की करायची तर कमरेच्या हाडातली मज्जा सुईने काढून बघावी लागते. मनालीने माझा अंगठा इतका घट्ट पकडला होता की तिच्या आईला तो सोडवावा लागला. सुई टोचली तेव्हा ती एकदाच ओरडली आणि मग मला म्हणाली, "झालं ना? आता मी बघू?"

मी तिला मायक्रोस्कोपमधून दाखवलं. तिला जांभळे ठिपके दिसले. "द्राक्षं आहेत," ती म्हणाली.

आता थोडं आमच्या कामाबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. मज्जेचा थेंब काचेच्या एका टोकाला ठेवतात आणि दुसऱ्या काचेच्या कडेने तो झरकन पुढे ओढतात. थेंब पातळ होत होत संपतो. जिथे संपतो त्याला आम्ही शेपूट म्हणतो. रक्ताच्या पेशी सुट्या असतात, एकमेकींना धरत नाहीत, त्यामुळे त्या काचेवर सगळीकडे सारख्या पसरतात. रक्ताच्या कॅन्सरच्या पेशीही अशाच सुट्या. म्हणून तो शोधायचा तर मधला, नीट पसरलेला भाग बघायचा. मी तेच केलं. मनालीच्या मज्जेत मला रक्ताचा कॅन्सर दिसला नाही. तसं मी स्वच्छ अक्षरात लिहिलं आणि खाली सही केली. गुप्त्यांना हायसं वाटलं. सांध्यांचा ताप समजून त्यांनी औषधं सुरू केली. पुढच्या मंगळवारी सुरेश कंपनीतून परस्पर पेढे घेऊन आला होता.

दोन महिन्यांनी मनालीच्या डोळ्यांभोवती काळंनिळं दिसायला लागलं. कोणी मारल्यासारखं. पोटात डाव्या बाजूला कडक गाठ हाताला लागली. गुप्त्यांनी तिला तातडीने मुंबईला, कॅन्सरच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे माझी एम.डी.ची मैत्रीण नीला होती, लहान मुलांच्या गाठी तपासणं हेच तिचं काम. तिने माझ्या जुन्या स्लाइड मागवल्या. चार दिवसांनी तिचा फोन आला.

"तू शेपूट बघितली होतीस का गं?" तिने विचारलं.

"मधला भाग बघितला."

"आता शेपूट बघ. कडा पण बघ."

एक जादा स्लाइड माझ्याकडे उरली होती. ती मी काढली आणि कडेने नजर फिरवत गेले. अगदी टोकाला, जिथे मी कधी थांबत नसे, तिथे पाच-सहा पेशींचा एक पुंजका होता. मग आणखी एक. एकूण चार. त्या पेशी एकमेकींना धरून गोल बसल्या होत्या. काच ओढताना सुट्या पेशी मागे राहतात आणि हातात हात अडकवलेले असे घोळके फरफटत टोकाला जातात. त्या मज्जेच्या नव्हत्याच. पोटातल्या गाठीतून निघून, रक्तातून प्रवास करून त्या हाडात येऊन बसल्या होत्या. आजार होता न्यूरोब्लास्टोमा, लहान मुलांना होणारा एक कॅन्सर. मी लिहिलेला शब्द न् शब्द खरा होता. रक्ताचा कॅन्सर नव्हताच. पण काचेवर जे होतं ते मी बघितलं नव्हतं.

मनाली त्यानंतर सात महिने होती.

ती गेल्यावर महिन्याभराने सुरेश रोह्याच्या खोलीत आला. तो काही विचारायला आला नव्हता. गुप्त्यांकडची फाईल घ्यायला आला होता. मला गप्प बसता आलं असतं. गुप्ते मला म्हणालेही होते की हे त्याला सांगून काय उपयोग. पण त्याने आणलेले पेढे मी खाल्ले होते. मी त्याला बसवलं आणि सगळं सांगितलं. काचेची पट्टी दाखवली, कडेचा भाग दाखवला. त्याने काच उजेडाकडे धरून पाहिली.

"मॅडम, तेव्हाच कळलं असतं तर ती राहिली असती का?"

हाच प्रश्न मी नीलाला विचारला होता. तिने जे सांगितलं तेच मी त्याला शब्दशः सांगितलं. या वयात, हाडापर्यंत पोचलेला हा आजार बहुतेक वेळा हाताबाहेर गेलेला असतो. पण नक्की कोणी सांगू शकत नाही.

तो उठला. दारापाशी जाऊन म्हणाला, "म्हणजे ते दोन महिने ती घरी होती. नायतर तेवढे पण हॉस्पिटलात गेले असते. गणपतीत नाचली ती, मॅडम."

त्याने ते माझ्यासाठी म्हटलं, हे मला कळलं. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. पण त्या वाक्याचा आडोसा मी कधी घेतला नाही. पुढे तीसेक वर्षं लॅबमध्ये जे जे शिकायला आले, त्यांना मी पहिल्या दिवशी शेपूट आणि कडा बघायला शिकवलं, आणि का ते सांगितलं. माझ्या नावासकट.

त्या वर्षी मी दर पंधरा दिवसांनी एक दिवस नीलाकडे जाऊ लागले. तिच्याशेजारी बसून तिच्या स्लाइड बघायच्या. मला एकच गोष्ट समजून घ्यायची होती: गाठ पोटात असताना पेशी हाडात पोचतातच कशा?

नीलाला शिकवण्याची हौस होती. ती म्हणाली, "गाठ केवढी आहे ही अर्धीच गोष्ट. पेशी शेजारणीचा हात सोडते कशी आणि नव्या जागी जाऊन धरते कशी, ते बघ. मुलं त्याने जातात."

आपल्या प्रत्येक पेशीच्या अंगावर धरायला हात असतात. शास्त्रात त्यांना पेशींना चिकटवणारे रेणू म्हणतात. कातडीच्या पेशी शेजारणींना धरून असतात म्हणून कातडी सांडत नाही. हे हात नाना तऱ्हेचे. काही आपल्यासारख्याच पेशीला धरतात, काही आजूबाजूच्या जाळीला, काही रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीला. कॅन्सरची पेशी पसरते तेव्हा आधी यातले काही हात सैल होतात, आणि मग लांब कुठेतरी दुसरे हात पकड घेतात. नुसती सुटणारी पेशी रक्तात वाहून मरून जाते. घात होतो तो सुटणं आणि धरणं दोन्ही जमलेल्या पेशीकडून.

मुलांच्या या आजाराची गंमत, गंमत म्हणवत नाही पण दुसरा शब्द नाही, ती अशी की या पेशींचा फिरणं हाच मूळ स्वभाव. आईच्या पोटात गर्भ वाढत असताना त्या पाठीच्या बाजूने निघतात आणि आपापल्या जागी जाऊन मज्जातंतूंच्या पेशी होतात. प्रवासात कुठे अडकू नये म्हणून त्यांच्या एका हातावर साखरेचा बुळबुळीत थर असतो. पोचल्यावर तो कमी व्हायचा असतो. काही पेशींचा होत नाही. त्या मोठं व्हायचं विसरतात आणि फिरत राहतात.

नीला तेव्हा यातल्याच एका रेणूवर काम करत होती. त्याचं नाव सीडी-चव्वेचाळीस. जगात इतर ठिकाणीही त्याच्यावर काम चाललं होतं. कित्येक कॅन्सरमध्ये हा रेणू पसरायला मदत करतो. या आजारात मात्र उलटं दिसत होतं. ज्या गाठींच्या पेशींवर तो असे, ती मुलं बरी व्हायची शक्यता जास्त. ज्यांच्यावर तो नसे, त्यांचा आजार दांडगा.

तिला तपासायला जुन्या गाठींचे तुकडे हवे होते. मनालीच्या गाठीचा तुकडा त्यांच्याकडे जपलेला होता. तो वापरण्याआधी वडिलांना विचारावं, असं मला वाटलं. रोह्याला कंपनीच्या फाटकापाशी शिफ्ट सुटताना मी सुरेशला गाठलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वापरा. काय निघालं ते मला पण सांगा." तिच्या पेशींवर तो रेणू अजिबात नव्हता. मी जाऊन सांगितलं. त्याने मान हलवली, दोनदा.

यानंतर दोनेक वर्षांनी, थंडीत, धरमतरच्या खाडीकाठच्या गावातून जनाबाई आली. साठीची, मिठागरात जन्म काढलेली, मिठाने तळपायांना भेगा पडलेली. बरोबर सून सुगंधा, आणि सुनेच्या मांडीवर पाच महिन्यांची नात, काजल. पेणच्या एका डॉक्टरांनी त्यांना पाठवलं होतं.

"पोरीचे आंगावर गाठी उठल्यान," जनाबाईने दुपटं सोडलं. "बघ गो बाय, तूच बघ."

पोट फुगून टणक झालेलं. पाठीवर, मांडीवर, डोक्यावर कातडीखाली निळसर गाठी, करवंदासारख्या. मी सतरा मोजल्या. पोर मात्र माझ्याकडे बघून हसत होती.

एका गाठीतून मी बारीक सुईने पेशी ओढल्या, काचेवर पसरल्या, रंगवल्या. या वेळी आधी शेपूट बघितली. पुंजके होते. गोल बसलेले. त्यांना मी आता कुठेही ओळखलं असतं. मला माझ्या अंगठ्याला पडलेला मनालीचा विळखा आठवला. हिच्या तर अंगभर पसरलं होतं. हे मूल महिनाभरही काढणार नाही, असं मला त्या क्षणी खात्रीने वाटलं.

जनाबाई टेबलाशी येऊन उभी राहिली. "जगल का? तेवढाच सांग. मना खरा सांग."

ओठांवर आलेलं मी गिळलं. "आजी, मला आज माहीत नाही. मला विचारायला लागेल."

त्यांना बाहेर बसवून मी नीलाला फोन लावला. तिने पहिला प्रश्न विचारला तो वयाचा.

"पाच महिने," मी म्हटलं. "कातडीत आहे, लिव्हर बेंबीखाली आलंय. संपलंच गं सगळं."

"थांब, थांब. एक वर्षाच्या आतलं आहे. हाडं कशी आहेत ते आधी बघू. पाठव तिला लगेच."

मुंबईत एक गाठ काढून तपासली, लघवी तपासली, हाडांचे फोटो काढले. हाडं स्वच्छ होती. आठवड्याने त्या तिघी परत आल्या, हातात औषध काहीच नाही. फक्त नीलाची चिठ्ठी: दर गुरुवारी गाठी मोज, पोटाचा घेर घे, श्वास बघ. काही करू नका. वाट बघा.

एक वर्षाच्या आतल्या काही बाळांमध्ये हा आजार अंगभर पसरतो आणि आपोआप विरून जातो. पेशी उशिरा का होईना मोठ्या होतात किंवा मरून जातात. वैद्यकात असं फार क्वचित घडतं. मी पुस्तकात वाचलं होतं, डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. आणि हे मला मिठागरातल्या म्हातारीला पटवायचं होतं.

"आंगभर पसरलाय आन् औषध नाय?" जनाबाई म्हणाली. "ह्या कसला इलाज?"

मी समजावलं. या पेशी चुकून फिरायला निघाल्यात, बहुतेक थकतील. जोराचं औषध दिलं तर पोरीलाच सोसायचं नाही.

"बहुतेक म्हंजी? तुमाला डाक्टर लोकांना पन नक्की कलत नाय, असाच ना?"

"व्हय आजी. असंच."

ती अचानक हसली. "पयली डाक्टरीन बघली, कलत नाय बोलनारी." सुनेला म्हणाली, "चल गो. बेस्तरवारी येव."

दर गुरुवारी त्या येऊ लागल्या. मी वहीत बाळाची आकृती काढून गाठींचे ठिपके मांडायची, शेजारी आकार लिहायची. पहिल्या आठवड्यात सतराच्या एकोणीस झाल्या. दुसऱ्यात बावीस. पोटाचा घेर वाढत होता. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही हे मी शिकले होते, पण सुगंधा माझ्या चेहऱ्याकडे बघतच नसे. ती माझ्या हातातल्या टेपकडे बघायची. आकडे तिला वाचता येत होते.

चौथ्या गुरुवारी त्या आल्याच नाहीत. दुपारपर्यंत वाट पाहून मी लॅब बंद केली आणि रिक्षा करून निघाले. शेवटचा मैलभर खाडीच्या बांधावरून चालत जायचं होतं. घरी पोचले तर अंगणात माणसं जमलेली. सुगंधाच्या माहेरच्यांनी काजलला एका देवऋष्याकडे न्यायचं ठरवलं होतं आणि जनाबाई दारात आडवी उभी होती.

"आयली बघा डाक्टरीन," ती ओरडली. "आता ती सांगल तसा."

मी आत गेले. काजलच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जात होत्या. वाढलेल्या लिव्हरने खालून दाब दिला होता, छातीला जागाच उरली नव्हती. गाठी विरायला वेळ लागणार होता आणि तेवढा वेळ तिच्याकडे नव्हता.

"आत्ता मुंबईला न्यायला पाहिजे," मी म्हटलं. "मी येते बरोबर."

सुगंधा पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "तुमीच बोललाव, काय करायचा नाय. आता मंग?"

"तेव्हा ते बरोबर होतं. आज नाही. आज तिला श्वासापुरती मदत पाहिजे."

तिने क्षणभर सासूकडे पाहिलं, मग पोर उचलली. गावातल्या मिठाच्या टेंपोतून आम्ही निघालो. वाटेत काजल निळी पडते का बघत मी तिच्या ओठांवरची नजर काढली नाही. माझा पदर जनाबाईने मुठीत धरून ठेवला होता.

हॉस्पिटलात औषधाचा अगदी छोटा डोस दिला, गाठ मारण्याइतका नव्हे, लिव्हर थोडं आवरण्याइतका. पाचव्या दिवशी श्वास सुधारला. दहाव्या दिवशी ती दूध ओढून प्यायली. त्याच दिवशी नीलाने मला तिच्या खोलीत बोलावलं आणि मायक्रोस्कोपसमोरून उठून जागा दिली. नीलाच्या त्या रेणूवरच चढणाऱ्या तपकिरी रंगाने काजलच्या पेशींच्या कडा भरून गेल्या होत्या. प्रत्येक पेशीला जणू कोणी पेन्सिलीने गिरवलं होतं. सीडी-चव्वेचाळीस, भरपूर.

एकच आजार. एकीच्या पेशींवर हा हात होता, दुसरीच्या पेशींवर नव्हता. का, ते तेव्हा आम्हाला सांगता येत नव्हतं, आणि एका रेणूवर सगळं ठरत नाही हेही आम्हाला ठाऊक होतं. नीलाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी मनालीसाठी रडले, तिच्या मृत्यूनंतर प्रथमच. आणि काजलसाठी मनातल्या मनात हात जोडले. दोन्ही एकाच खुर्चीत बसून.

त्या घरी परतल्यावर पहिल्या गुरुवारी बावीसच्या बावीस गाठी होत्या, पण मऊ. मग वीस. मग चौदा. उन्हाळा संपेपर्यंत बोटांनी चाचपून शोधाव्या लागू लागल्या. मी रोह्याला गेले की सुरेशही चौकशी करायचा. "किती राहिल्या मॅडम?" त्याला मी काजलबद्दल, नाव न सांगता, बोलले होते. "पाच," मी म्हणायची. तो "बरं," म्हणायचा आणि चहा सांगायचा.

काजल पावणेदोन वर्षांची झाली तेव्हा मुंबईच्या सगळ्या तपासण्या स्वच्छ आल्या. त्या गुरुवारी जनाबाई आणि सुगंधा तिला घेऊन आल्या. मी टेबलावर तिला झोपवून डोक्यापासून पायापर्यंत हात फिरवला. काहीच नव्हतं. वहीत आकृती काढली आणि त्यात मांडायला एकही ठिपका नव्हता.

"झाला?" जनाबाईने नेहमीसारखी पिशवी उचलली. "आता कवा येव? बेस्तरवारीच ना?"

"आता येऊ नका आजी."

तिचा चेहरा पडला. पिशवी तिने परत खाली ठेवली. "का गो बाय? काय चुकला आमचा? मी ते दिवशी तुजेसमोर आरडले म्हनून?"

"अहो, तसं नाही. ती बरी झाली. आता मोजायला काही उरलंच नाही. म्हणून यायला नको."

सुगंधाला आधी कळलं. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि पदर तोंडावर घेतला. जनाबाई माझ्याकडे, मग नातीकडे, मग परत माझ्याकडे बघत राहिली. "सरला सगला?" तिने हळूच विचारलं. "सगळं," मी म्हटलं.

मग ती गेली नाही. बाकावर ऐसपैस बसली, पोरीला खाली सोडलं आणि म्हणाली, "मंग आज जरा बसताव. काम नाय तर नुसताच बसताव." बाहेर चार पेशंट थांबले होते. मी त्यांना सांगितलं, अर्धा तास लागेल.